कोल्हापूर ते जळगाव विमानाने: अंतर किती, वेळ किती? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूरला शिकणारी खानदेशची मुलं, जळगावच्या सराफ बाजारात ये-जा करणारे हुपरीचे चांदी कारागीर, बदलीवर गेलेले सरकारी कर्मचारी, एका टोकाला माहेर आणि दुसऱ्या टोकाला सासर असलेल्या लेकी, हे सगळेजण जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

कोल्हापूर आणि जळगाव विमानतळांमधलं हवाई अंतर नेमकं किती?

सुमारे ४९६ किलोमीटर. वैमानिकांच्या भाषेत २६८ नॉटिकल मैल, साध्या मैलांत ३०८. बोलताना ५०० किलोमीटर म्हटलं तरी चालेल. हे अंतर दोन शहरांच्या मध्यवर्ती चौकांमधलं नाही. कोल्हापूरचा उजळाईवाडीचा विमानतळ आणि जळगावचा कुसुंब्याकडचा विमानतळ या दोन बिंदूंमधली ही सरळ रेघ आहे.

मग काही ठिकाणी ४९८ किलोमीटर का दाखवतात?

दोन्ही आकडे प्रामाणिक आहेत. पृथ्वी पूर्ण गोल आहे असं धरून हिशेब केला की ४९८ येतात. प्रत्यक्षात पृथ्वी ध्रुवांकडे किंचित चपटी आहे आणि आपल्या अक्षांशावर उत्तर-दक्षिण एक अंश १११.२ नव्हे तर साधारण ११०.७ किलोमीटरचा भरतो. आपला मार्ग जवळपास उत्तर-दक्षिणच असल्याने तो फरक इथे दोन किलोमीटरचा होतो. प्रवाशासाठी ही अर्ध्या मिनिटाचीही बाब नाही, त्यामुळे त्यावरून वाद घालू नये. पण एखाद्या ठिकाणी ६०० किंवा ८०० असा आकडा दिसला, तर ते रस्त्याचं किंवा रेल्वेचं अंतर आहे हे ओळखावं.

हे अंतर मला स्वतःला मोजता येईल का?

नक्की येईल, आणि दहावीच्या भूमितीवर येईल. दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश घ्या. कोल्हापूर: १६.६६ उत्तर, ७४.२९ पूर्व. जळगाव: २०.९६ उत्तर, ७५.६३ पूर्व.

अक्षांशांतला फरक ४.३० अंश. त्याला ११०.७ ने गुणा, ४७६ किलोमीटर येतात. रेखांशांतला फरक १.३४ अंश. रेखांशाचा अंश मात्र विषुववृत्तापासून दूर जाऊ तसा आखूड होत जातो. दोन्ही गावांच्या मधल्या अक्षांशावर, म्हणजे १८.८ अंशांवर, तो सुमारे १०५.४ किलोमीटरचा असतो. म्हणून १.३४ गुणिले १०५.४ बरोबर १४१. आता पायथागोरस: ४७६ चा वर्ग अधिक १४१ चा वर्ग, त्याचं वर्गमूळ. उत्तर ४९६.

इतक्या कमी अंतरासाठी पृथ्वीची वक्रता सोडून दिली तरी बिघडत नाही. दिल्ली-न्यूयॉर्कला ही रीत वापराल तर फसाल, पण महाराष्ट्रातल्या कुठल्याही दोन विमानतळांसाठी ती पुरेशी आहे. मुलांना सुट्टीत करायला द्यावा असा हा हिशेब आहे. नकाशा हातात घेऊन केलं की आपलं राज्य किती उंच-रुंद आहे हे डोक्यात पक्कं बसतं.

विमान या सरळ रेघेवरूनच उडतं का?

नाही. उड्डाण वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने करायचं असतं आणि कोल्हापूरची धावपट्टी साधारण पूर्व-पश्चिम आहे, जळगावचीही तशीच. आपल्याला जायचं आहे उत्तरेला, किंचित पूर्वेकडे झुकून. म्हणजे उड्डाणानंतर एक वळण आलं आणि उतरताना धावपट्टीच्या रेषेत येण्यासाठी दुसरं. शिवाय विमानांना ठरलेले हवाई मार्ग असतात, पुण्याच्या आसपास हवाई दलाची हद्द आहे, मुंबईकडे येणाऱ्या-जाणाऱ्या विमानांची गर्दी आहे. या सगळ्यामुळे ४९६ चे प्रत्यक्ष ५२० ते ५४५ किलोमीटर व्हायला हरकत नाही. विमानप्रवासात दहा टक्क्यांपर्यंतची ही वाढ नेहमीची आहे.

थेट विमान असेल तर किती वेळ लागेल?

विमान कोणतं, त्यावर ते अवलंबून आहे. लहान विमानतळांवर दोन प्रकारची विमानं जास्त दिसतात.

पहिलं एटीआर ७२. पंख्याचं, ७० ते ७८ आसनांचं. सरळ उडताना त्याचा वेग ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास असतो. यावरून लोक लगेच म्हणतात, "मग एक तास." तसं होत नाही. वर चढताना आणि खाली येताना वेग कमी असतो, आणि ५०० किलोमीटरच्या उड्डाणात चढण्या-उतरण्यातच अर्धा तास जातो. त्यामुळे हवेतला वेळ ६५ ते ७५ मिनिटं धरावा.

दुसरं एम्ब्रेअर १७५ सारखं छोटं जेट, ७६ आसनांचं. त्याचा वेग ताशी ८०० च्या पुढे जातो. ते हवेत ४५ ते ५५ मिनिटं राहील.

वेळापत्रकात छापलेला वेळ याहून वेगळा असतो. तो विमान जागेवरून हलल्यापासून दुसरीकडे जागेवर थांबेपर्यंतचा असतो. धावपट्टीपर्यंत जाणं, परवानगीची वाट पाहणं, उतरल्यावर परत येणं, शिवाय कंपनीने हाताशी ठेवलेली थोडी सूट, हे सगळं त्यात येतं. म्हणून एटीआरला १ तास २० ते ३० मिनिटं आणि जेटला १ तास ५ ते १५ मिनिटं असं वेळापत्रक अपेक्षित धरा. जेट पावपट वेळ वाचवतं. दोन तासांच्या मार्गावर तो फायदा ठळक दिसतो, इथे पंधरा-वीस मिनिटांचाच आहे, तेव्हा या मार्गासाठी एटीआर मुळीच कमीपणाचं नाही.

पण थेट विमान आहे का?

नाही. कोल्हापूर-जळगाव अशी थेट नियमित सेवा नाही, आणि वरचा वेळ अंतरावरून काढलेला आहे. इंटरनेटवर "कोल्हापूर-जळगाव विमानाने फक्त ५० मिनिटं" असं वाचून कुणी बेत आखत असेल, तर त्याने हे आधी लक्षात घ्यावं. अंतरावरून काढलेला वेळ आणि मिळणारा प्रवास यांत मोठी दरी आहे, आणि लहान विमानतळांच्या बाबतीत लोकांची निराशा होते ती नेमकी इथेच.

मग विमानाने जायचं तर कुठून जायचं?

दोन्ही विमानतळ मोठ्या शहरांना जोडले गेले आहेत, पण सेवा सुरू होतात, बंद होतात, वार बदलतात. म्हणून तारीख ठरली की कंपनीच्या संकेतस्थळावर पाहावं. अंतराच्या दृष्टीने पर्याय असे आहेत.

मुंबईमार्गे: कोल्हापूर-मुंबई सुमारे ३०८ किलोमीटर आणि मुंबई-जळगाव सुमारे ३५५. बेरीज ६६३. अंतर बघता हा सर्वांत शहाणा मार्ग. नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाल्यापासून मात्र तिकिटावर "मुंबई" बघून थांबू नका. एक विमान सांताक्रूझला उतरतंय आणि दुसरं उलव्याहून सुटतंय असं झालं, तर मधला रस्ता तुमचा दिवस खाईल.

हैदराबादमार्गे: ४४५ अधिक ५०७, म्हणजे सुमारे ९५० किलोमीटर. आडवळण मोठं आहे, जवळपास दुप्पट. पण एकाच टर्मिनलमध्ये विमान बदलता येतं आणि मुंबईपेक्षा उशीर कमी होतो, म्हणून वेळा जुळत असतील तर मी याच मार्गाच्या बाजूने आहे.

अहमदाबादमार्गे: ७३० अधिक ३८८, म्हणजे १,१०० च्या वर. जळगाववरून पुढे जाऊन परत मागे यायचं. दुसरं काहीच मिळत नसेल तरच.

आणि चौथा, अर्धा रस्त्याचा पर्याय: कोल्हापूरहून पुण्याला गाडीने किंवा रेल्वेने जायचं आणि पुणे-जळगाव विमान पकडायचं. पुणे-जळगाव हवाई अंतर फक्त ३१८ किलोमीटर आहे. कोल्हापूर-पुणे रस्त्याला चार ते पाच तास धरा. विमान ज्या दिवशी आहे त्या दिवशी हा पर्याय बऱ्याचदा सर्वांत सुटसुटीत पडतो, कारण तुम्ही एकाच विमानाच्या वेळेवर अवलंबून असता. गडहिंग्लज-आजऱ्याकडच्या लोकांनी गोव्याचा मोप विमानतळही बघावा. तिथून जळगाव सुमारे ६०८ किलोमीटर आहे आणि आंबोली घाटातून मोपला पोहोचणं त्यांना जड नाही.

एकच तिकीट घ्यावं की दोन वेगळी?

शक्य असेल तिथे एकच. एका तिकिटावर पहिलं विमान उशिरा आलं तर पुढच्या प्रवासाची जबाबदारी कंपनीची असते. दोन वेगळ्या कंपन्यांची वेगळी तिकिटं असतील तर पहिल्याच्या उशिराशी दुसऱ्याला काही देणंघेणं नसतं. तुम्ही सामान घेऊन बाहेर यायचं, पुन्हा काउंटरवर जायचं, पुन्हा सुरक्षा तपासणी करायची.

लहान विमानतळांच्या या जोडीत बहुधा वेगळी तिकिटंच घ्यावी लागतात. तेव्हा दोन विमानांत किमान तीन तास ठेवा, पावसाळ्यात चार. आणि दिवसाचं शेवटचं विमान पुढच्या टप्प्यासाठी धरू नका. जळगावला एकेका मार्गावर दिवसाला एखादंच विमान, तेही बऱ्याचदा रोज नाही. ते चुकलं तर पुढचं दोन दिवसांनी असू शकतं.

रेल्वेने आणि रस्त्याने किती वेळ लागतो?

रेल्वेने महाराष्ट्र एक्सप्रेस. कोल्हापूरहून गोंदियाला जाणारी ही गाडी पुणे, दौंड, अहिल्यानगर, मनमाड करत जळगावला पोहोचते. हे अंतर सुमारे ८०० किलोमीटर, म्हणजे हवाई अंतराच्या दीडपटीहून जास्त. दुपारी कोल्हापूर सोडलं की दुसऱ्या दिवशी सकाळी जळगाव. एकच गाडी, बदलाबदल नाही, रात्र झोपेत जाते. आजारी माणूस बरोबर असेल किंवा सामान जास्त असेल तर मी आजही हीच गाडी सुचवीन. आरक्षण मात्र लवकर करा, कारण ही गाडी अख्ख्या राज्याची आहे.

रस्त्याने पुणे, अहिल्यानगर, छत्रपती संभाजीनगर, सिल्लोड, अजिंठा असा मार्ग, सव्वासहाशे किलोमीटरच्या आसपास. थांबे धरून बारा ते तेरा तास. एकट्याने एका दमात गाडी हाकू नये. संभाजीनगरला मुक्काम करावा आणि दुसऱ्या दिवशी अजिंठ्याचा घाट उजेडात उतरावा.

घरातून निघून घरी पोहोचेपर्यंत एकूण वेळ किती धरायचा?

खरा प्रश्न हाच आहे. समजा थेट एटीआर मिळालं. कोल्हापूर शहरातून उजळाईवाडीला अर्धा तास. सुटण्याआधी सव्वा ते दीड तास पोहोचायचं, कारण काउंटर ४५ ते ६० मिनिटं आधी बंद होतं. प्रवास दीड तासाचा. जळगावला सामान पाव तासात मिळतं, लहान विमानतळाचं हे मोठं सुख. तिथून शहरात वीस मिनिटं. एकूण चार तास, फार तर सव्वाचार.

आजचा प्रत्यक्ष प्रवास, हैदराबाद किंवा मुंबईमार्गे, वेळा उत्तम जुळल्या तर सात ते नऊ तासांचा होतो. जुळल्या नाहीत तर मधे मुक्काम. पुण्यामार्गे रस्ता आणि विमान मिळून आठ-नऊ तास. म्हणजे आज विमान तुम्हाला गाडीच्या तुलनेत तीन-चार तास वाचवून देतं, तेही चांगल्या दिवशी. तिकिटाचे पैसे आणि धावपळ धरून ते तुम्हाला परवडतं का, ते ज्याने त्याने ठरवावं. पण "हवाई अंतर ५०० किलोमीटर" एवढ्यावर ठरवू नये.

जाताना आणि येताना वेळ वेगळा लागतो का?

नगण्य फरक. मुंबई-कोलकात्यासारख्या पूर्व-पश्चिम मार्गांवर हिवाळ्यात वरच्या थरांतल्या पश्चिमी वाऱ्यांमुळे जाण्या-येण्यात बराच फरक पडतो. आपला मार्ग उत्तर-दक्षिण असल्याने तो वारा विमानाला आडवा लागतो. वैमानिक विमानाचं नाक थोडं पश्चिमेकडे झुकवून तो सांभाळतो. जळगावकडे जाताना हिवाळ्यात वाऱ्याची थोडीशी मदत होते, परतताना तेवढाच थोडा विरोध. चार-पाच मिनिटांपेक्षा जास्त नाही.

पावसाळ्यात हा प्रवास भरवशाचा आहे का?

दोन टोकांच्या दोन तऱ्हा आहेत. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आणि सह्याद्रीच्या कुशीत. जुलै-ऑगस्टमध्ये ढग खाली येतात, पाऊस सरींवर सरी कोसळतो, दृश्यमानता घसरते. विमान नुसतं डोळ्यांनी बघून उतरवायचं असेल तर किमान ५ किलोमीटर स्वच्छ दिसावं लागतं. उतरण्यासाठी मार्गदर्शन करणारी यंत्रणा असली की ही अट शिथिल होते, पण ढगांची मर्यादा तरीही राहतेच. दिसलं नाही तर वैमानिक घिरट्या घालतो, आणि इंधनाचा हिशेब संपत आला की विमान दुसरीकडे वळवतो. ते योग्यच आहे. विमान वळवलं म्हणून कर्मचाऱ्यांवर डाफरणाऱ्यांचं मला आश्चर्य वाटतं, कारण तो निर्णय त्यांच्याच जिवासाठी घेतलेला असतो.

जळगावला पावसाची अडचण कमी आणि उन्हाची जास्त. मे महिन्यात तिथे पारा ४४-४५ अंशांवर जातो. तापलेली हवा विरळ असते, पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाची ताकदही घटते. म्हणजे उड्डाणाला जास्त लांब धाव लागते. जळगावची धावपट्टी सुमारे १,७०० मीटरची आहे. एटीआरला ती एरवी पुरते, पण रणरणत्या दुपारी पूर्ण भरलेलं विमान असेल तर वजन कमी करायची वेळ येऊ शकते. उन्हाळ्यात सकाळचं विमान मिळत असेल तर तेच घ्या.

पंख्याचं विमान सुरक्षित असतं का? फार हलतं म्हणतात.

पंख्याच्या आत जेटसारखंच टर्बाइन इंजिन असतं. जगभर कमी अंतरासाठी आणि आखूड धावपट्ट्यांसाठी हीच विमानं वापरली जातात, कारण ती कमी इंधनात चालतात. परवाना, देखभाल, वैमानिकांचं प्रशिक्षण यांचे नियम मोठ्या विमानांसारखेच. हलण्याचं म्हणाल तर खरं आहे. एटीआर जास्तीत जास्त २५,००० फुटांपर्यंत जातं, कमी अंतरावर त्याहूनही खालीच उडतं, आणि दुपारी दख्खनच्या पठारावरून उठणारी गरम हवा त्याच थरांत खेळत असते. ज्यांना मळमळतं त्यांनी पंखांच्या जवळची आसनं घ्यावीत, तिथे हेलकावे कमी जाणवतात.

सरळ रेघेवरून उडालो तर खाली काय दिसेल?

या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला मनापासून आवडतं, कारण ही रेघ महाराष्ट्राच्या भूगोलाचा एक धडाच आहे.

उजळाईवाडीहून उत्तरेला निघालं की लगेच पंचगंगा, मग वारणा, मग आष्टा-वाळव्याच्या भागात कृष्णा. उसाची दाट हिरवी शेतं. विट्याच्या पश्चिमेकडून पुढे गेलं की हिरवा रंग एकदम ओसरतो आणि माणदेशाची उघडी, तपकिरी जमीन सुरू होते. सलग हिरव्या पट्ट्यानंतर पाऊस कुठे अडतो ते वरून जितकं स्पष्ट दिसतं तितकं कुठल्या पुस्तकात दिसत नाही. मग नीरेचा कालव्यांचा प्रदेश पुन्हा हिरवा, बारामती डावीकडे. भिगवणजवळ ही रेघ भीमेला ओलांडते, म्हणजे उजनीच्या फुगवट्यावरूनच जाते. हिवाळ्यात रोहित पक्षी ज्या उथळ पाण्यात उतरतात ते हेच. धरणाचं मोठं पाणी उजव्या खिडकीतून आग्नेयेकडे पसरलेलं दिसेल.

तिथून सीना ओलांडून अहिल्यानगर जिल्ह्याचा कोरडा पूर्व भाग, पाथर्डी-शेवगाव उजवीकडे. मग अचानक प्रचंड पाणी: जायकवाडीचा नाथसागर. पैठणचं धरण उजव्या बाजूला सुमारे २० किलोमीटरवर राहतं. पुढे काही मिनिटांत रेघ जवळपास छत्रपती संभाजीनगर शहरावरूनच जाते. डावीकडे दौलताबादचा किल्ला, साधारण १० किलोमीटरवर, आणि त्याच बाजूला थोडं पुढे वेरूळ. मग अजिंठ्याचे डोंगर. लेणी उजव्या बाजूला राहतात.

हा डोंगर म्हणजे पाणलोटाची वेस. दक्षिणेकडचं पाणी गोदावरीतून पूर्वेला बंगालच्या उपसागरात जातं आणि उत्तर उताराचं पाणी तापीतून पश्चिमेला अरबी समुद्रात. डोंगर ओलांडला की जमीन एकदम खाली जाते. जळगाव समुद्रसपाटीपासून फक्त अडीचशे मीटरवर आहे. काळी जमीन, केळीच्या बागा, आणि विमान उतरायला लागलेलं असतं.

सामान किती नेता येतं?

साधारणपणे चेक-इनसाठी १५ किलो आणि हातात ७ किलो. कंपनीनुसार बदलतं, तिकिटावर वाचा. एटीआरमध्ये डोक्यावरचे कप्पे लहान असतात, मोठी चाकांची बॅग दारातच काढून घेतली जाते. कांदा-लसूण मसाला किंवा मिरचीपूड चेक-इनच्या बॅगेत ठेवा, हातातल्या बॅगेत ती अडवतात. गूळ आणि चपलांना अडचण नाही. दागिने, औषधं, कागदपत्रं कायम स्वतःजवळ.

विमान उशिरा आलं किंवा रद्द झालं तर माझे हक्क काय?

नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे नियम इथेही लागू आहेत, विमानतळ लहान म्हणून हक्क लहान होत नाहीत. अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तासांहून जास्त उशीर झाला तर खाणं-पिणं देणं कंपनीचं काम. सहा तासांहून जास्त उशीर होणार असेल तर दुसरं विमान किंवा पूर्ण परतावा, निवड तुमची.

वेळेत न कळवता विमान रद्द केलं तर भरपाई वेळापत्रकातल्या उड्डाणकाळावर ठरते. एक तासापर्यंतच्या उड्डाणाला ५,००० रुपये, एक ते दोन तासांच्या उड्डाणाला ७,५०० रुपये, किंवा मूळ भाडं अधिक इंधन आकार, यांतलं जे कमी असेल ते. म्हणजे छापलेला वेळ ५५ मिनिटं की १ तास १० मिनिटं याने इथे खरोखर फरक पडतो. हवामान, सुरक्षा अशा कंपनीच्या हाताबाहेरच्या कारणांना भरपाई नाही. परतावा मात्र तेव्हाही मागायचाच.

इतक्या लोकांना गरज असताना थेट सेवा का नाही?

प्रश्न रास्त आहे. केंद्राची उडान योजना २०१६ मध्ये आली, तिचं पहिलं विमान २७ एप्रिल २०१७ ला शिमल्याहून दिल्लीला गेलं. योजनेची मूळ कल्पना अशी की साधारण एक तासाच्या, ५०० किलोमीटरच्या उड्डाणात निम्म्या आसनांचं भाडं २,५०० रुपयांच्या मर्यादेत ठेवायचं आणि कंपनीची तूट सरकारने भरून काढायची. कोल्हापूर-जळगाव ४९६ किलोमीटर. योजनेच्या मापानेच कापून काढावा असा हा मार्ग आहे.

अडचण अशी की ही मदत तीन वर्षांपुरती असते आणि कंपन्या साहजिकच महानगराशी जोडणारे मार्ग आधी उचलतात, कारण तिथे पुढची विमानं पकडणारे प्रवासी मिळतात. शिवाय सुरुवातीच्या कंपन्या टिकल्या नाहीत. जळगावला २३ डिसेंबर २०१७ ला एअर डेक्कनच्या १९ आसनी विमानाने मुंबई सेवा सुरू केली, पण २०२० मध्ये कंपनीच थांबली. दोन्ही शहरांना सेवा देणारी ट्रूजेट २०२२ मध्ये बंद पडली. त्यामुळे प्रवाशांची सवय लागायच्या आत सेवा जाते, आणि मग "इथे प्रवासी नाहीत" असा निष्कर्ष काढला जातो. तो मला मान्य नाही. पायाभूत सोय दोन्हीकडे आहे. कोल्हापूरचा विमानतळ राजाराम महाराजांच्या काळात १९३९ साली सुरू झाला, त्याला मार्च २०२४ मध्ये नवी टर्मिनल इमारत मिळाली. जळगावचा नव्याने बांधलेला विमानतळ मार्च २०१२ मध्ये तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते सुरू झाला.

रोज ७० आसनं भरणं अवघड आहे हे कबूल. पण कोल्हापूर-संभाजीनगर-जळगाव असं एक मधला थांबा घेणारं विमान आठवड्यातून तीन दिवस चाललं तर? वर सांगितल्याप्रमाणे सरळ रेघ संभाजीनगरवरूनच जाते, म्हणजे थांबण्यासाठी आडवळण जवळजवळ शून्य. व्यापारी संघटनांनी आणि दोन्हीकडच्या खासदारांनी ही मागणी लावून धरायला हवी.

दोन्ही ठिकाणी वेळ एकच ना?

घड्याळात एकच. सूर्याच्या हिशेबात जळगाव १.३४ अंश पूर्वेला असल्याने तिथे माध्यान्ह सुमारे सव्वापाच मिनिटं आधी होते.

तिकीट काढताना विमानतळांचे संकेत कोणते?

कोल्हापूर: केएलएच. जळगाव: जेएलजी. संकेताने शोधलं की नावाच्या स्पेलिंगचा घोळ होत नाही.

जळगावला उतरल्यावर पुढे कसं जायचं?

शहर सहा-सात किलोमीटरवर आहे. रिक्षा आणि टॅक्सी विमानाच्या वेळेलाच येतात, विमान उशिरा असेल तर त्यांची संख्या रोडावते, म्हणून गाडी आधी सांगून ठेवलेली बरी. भुसावळ साधारण पंचवीस किलोमीटर, अजिंठा लेणी साठच्या आसपास. चोपडा, यावल, रावेरकडे जाणाऱ्यांनी जळगाव बसस्थानक गाठावं, तिथून एसटी मिळते. संध्याकाळी उशिरा उतरणार असाल तर शेवटच्या बसची वेळ निघण्याआधी विचारून घ्या.